शुगरचं इंजेक्शन पाठवा, 10

नेट बंद असताना रेडिओवरनं ईमेल कसं पाठवायचं आणि मी ते का शिकले ते सांगते. सुरवात ऑगस्ट 2019 च्या पुरापासनं. राजारामपुरीत माझं मेडिकल आहे, आमच्या भागात पाणी चढत नाही, पण बाकीचं कोल्हापूर त्या आठवड्यात कसं होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटाला धोका पातळी गाठते आणि त्या वेळी ती 55 फुटांच्या वर गेलेली, शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, नळाला पाणी नाही, आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला रेडेडोह फुटलेला, नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं, म्हणजे चिखली आंबेवाडीकडं जायचा विषयच संपला. तिकडची बरीच माणसं सोनतळीला वर चढून बसलेली.

त्यातल्या एका घराचा निरोप माझ्यापर्यंत आला. तीन फोन फिरून आला. त्यांच्यातल्या कुणीतरी पुतण्याला सांगितलं, पुतण्यानं त्याच्या मित्राला, मित्रानं मला. आणि माझ्यापर्यंत जे पोचलं ते एवढंच, "ताई, शुगरचं इंजेक्शन पाठवा, 10."

10 काय? दहा बाटल्या? दहा युनिटचा डोस? दहा माणसं? कुठलं इन्सुलिन, साधं का 30/70 मिक्स? आपल्याकडं व्हायल येते ती बहुतेक करून 40 ची, म्हणजे एक एमएलमध्ये 40 युनिट, आणि पेनमध्ये घालायचं कार्ट्रिज असतं 100 चं. सिरिंजसुद्धा दोन्हीच्या वेगळ्या, 40 ची लाल टोपणाची आणि 100 ची केशरी. 100 चं औषध 40 च्या सिरिंजनं खुणा बघून ओढलं तर अडीचपट डोस जातो हो. बरोबर उलटं केलं तर माणसाला अर्ध्यापेक्षा कमी औषध मिळतं. काउंटरवर मी हे दिवसातनं चार वेळा समजावून सांगते आणि इथं माझ्या हातात एक शब्द आणि एक आकडा.

मी परत फोन लावला. मित्राचा लागला, त्याला पुढचं काही माहीत नव्हतं. पुतण्याचा बंद. सोनतळीचा तर लागायचा प्रश्नच नव्हता, लाइट नाही, चार्जिंग नाही, टॉवर कधी आहे कधी नाही. शेवटी अंदाजानं 30/70 च्या 40 वाल्या दहा व्हायल आणि लाल टोपणाच्या सिरिंजा थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसोबत घालून बोटीतनं जाणाऱ्या पोरांकडं दिल्या, वर मार्करनं मोठ्ठं 40 लिहिलं, आणि दोन दिवस मला नीट झोप लागली नाही. नंतर कळलं की ती दहा माणसं होती. त्यातली दोघं पेनवाली, त्यांना माझ्या बाटल्यांचा काही उपयोग नव्हता, एक आजी दोन दिवस औषधाशिवाय राहिल्या. त्या वाचल्या, आजही दुकानात येतात. पण त्या मधल्या तिघांपैकी कुणाचीच चूक नव्हती, प्रत्येकानं जीव तोडून निरोप पुढं दिला, आणि प्रत्येकाकडं थोडा थोडा निरोप सांडला. हे माझ्या डोक्यातनं गेलंच नाही.

मी हॅम रेडिओकडं, म्हणजे लायसन घेऊन हौसेनं चालवायच्या वायरलेसकडं, आले ती यामुळं. आमच्या कॉलनीत एक काका आहेत, रिटायर झालेले, घरावर लांबच्या लांब वायर ताणलेली, आम्ही लहानपणी ती कपडे वाळत घालायची तार समजायचो. त्यांच्याकडं जाऊन सरळ विचारलं, काका, हे मला शिकवाल का. ते म्हणाले, "शिकवतो की, पण अर्ध्यात सोडायचं नाही." किल्लारीच्या भूकंपात 1993 ला हॅमवाल्यांनी तिथनं निरोप कसे बाहेर काढले ते त्यांनी सांगितलं, आणि 2004 च्या त्सुनामीत भारती प्रसाद अंदमानात पोर्ट ब्लेअरला रेडिओ घेऊन होत्या ते सांगितलं. त्या तिथं गेलेल्या छंदासाठी, जगभरच्या हॅमशी बोलायला, आणि सव्वीस डिसेंबरला सकाळी सगळं हादरल्यावर त्यांचा सेट हाच बाहेरच्या जगाशी बोलायचा रस्ता झाला. हे ऐकून मी परीक्षेचा फॉर्म भरला. लायसनची रिस्ट्रिक्टेड ग्रेड तेव्हा बिना मोर्सची होती (मोर्स म्हणजे टिंब आणि रेघेच्या आवाजात अक्षरं पाठवायची पद्धत) पण मला पुढं डेटा पाठवायचा होता म्हणून जनरल ग्रेडच द्यायची ठरवली, त्याला मिनिटाला 8 शब्दांचं मोर्स. दुकान बंद करून रात्री डिट डा डिट डा. नवरा म्हणायचा, झोपेत पण बोटं हलतात तुझी.

आता मूळ विषय, ईमेल. रेडिओवरनं ईमेल म्हटलं की लोक मला विचारतात, नेट नसताना ईमेल कसं जाईल. विनलिंक म्हणून जगभर चालणारी यंत्रणा आहे, हॅम लोकच ती स्वयंसेवेनं चालवतात, पूर्वी समुद्रात महिनोन्महिने असणारे बोटवाले ती जास्त वापरायचे. लॅपटॉपवर त्याचा प्रोग्रॅम असतो, त्यात साध्या ईमेलसारखंच लिहायचं, ते आउटबॉक्सात पडतं. लॅपटॉपचं साउंड कार्ड त्या अक्षरांचा आवाज करतं, खरखर चिरचिर असा, तो आवाज रेडिओ हवेत सोडतो, पलीकडचा रेडिओ ऐकतो आणि त्याचा लॅपटॉप परत अक्षरं करतो. पलीकडं गेटवे असेल तर तो ते नेटवर ढकलतो आणि मग कुणाच्याही साध्या मेलबॉक्समध्ये जातं. इथलं नेट मेलं असलं तरी तीनशे किलोमीटरवरच्या गेटवेचं जिवंत असेल तर काम झालं. आणि गेटवेसुद्धा नको असेल तर एका हॅमचं स्टेशन थेट दुसऱ्या हॅमच्या स्टेशनला देतं, त्याला पी टू पी म्हणतात, मधी नेट कुठंच नाही. आम्ही सराव करतो तो सगळा असाच, लायसनवाले ते लायसनवाले.

माझ्यासाठी यातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली सांगू? मशीन प्रत्येक तुकडा तपासून घेतं. वीज चमकली, खरखर झाली, एखादा तुकडा खराब पोचला तर पलीकडचं मशीन तो परत मागतं, हा परत पाठवतो, बरोबर लागेपर्यंत. म्हणजे मी 40 लिहिलं तर 40 च पोचणार. 14 होणार नाही, 100 होणार नाही, "बहुतेक चाळीस म्हणाल्या वाटतं" होणार नाही. बोलून निरोप देताना आपल्या मराठी आकड्यांची तर फारच पंचाईत, खरखरीत सात आणि साठ ओळखून दाखवा, एकोणसाठ आणि एकोणसत्तर ओळखून दाखवा. काकांनी मला पहिल्या दिवसापासनं सवय लावली की आवाजावर आकडा सांगायचा तर सुटा सुटा, पाच नऊ, सहा नऊ.

पण लिहिलेल्यातही खड्डे आहेत. आम्ही निरोप मराठीतच लिहितो पण रोमन अक्षरात, कारण देवनागरीचं एक अक्षर साठवायला इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा खातं आणि एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओ लहरींवर, एकेक बाइट मोजायला लागतो. तर पहिल्या वर्षीच्या सरावात शिरोळ भागातनं एका इंजिनिअरिंगच्या पोरानं मला लिहून पाठवलं, "ithe sath che rugna aahet", रोमनमध्ये एसएटीएच. मी वाचलं साठ. साठ रुग्ण! मी साठ जणांच्या ओआरएसचा आणि सलाइनचा हिशोब मांडून बसले आणि त्याला म्हणायचं होतं साथ, साथीचे रुग्ण, ते होते चार. मशीननं एक अक्षरसुद्धा चुकवलं नव्हतं. तेव्हापासनं आमचा नियम, आकडा नेहमी आकड्यातच, आणि रोगाचं नाव असेल तर लक्षण पण लिहायचं, "जुलाब उलटी, 4 जण, 2 दिवसांपासून".

मी दुकानात बसून निरोपाचा कागद तयार केला तो असल्या चुका गोळा करत करत. आयसीएस 213 म्हणून अमेरिकेतल्या आपत्ती यंत्रणेचा एक फॉर्म आहे, प्रोग्रॅममध्ये तयार असतो, तो भरला की हवेतनं फक्त आपण भरलेला मजकूर जातो, रिकामा तक्ता पलीकडच्या लॅपटॉपवर असतोच. पण तो साहेबी थाटाचा आहे, आपल्या शाळेत आसऱ्याला बसलेल्या माणसाला तो पुढ्यात ठेवला तर तो पेन खालीच ठेवेल. माझ्या कागदावर साध्या ओळी आहेत. निरोप नंबर. तारीख, वेळ चोवीस तासाच्या घड्याळानं, म्हणजे संध्याकाळचे पाच का पहाटेचे हा घोळ नको. कुणी लिहिला आणि तो माणूस आत्ता कुठं उभा आहे. कुणाला द्यायचा. काय पाहिजे, किती, कशात (बाटली, स्ट्रिप, पेन). कधीपर्यंत नाही मिळालं तर काय होईल. आणि शेवटची ओळ, उत्तर कुठं पाठवायचं. 2019 ला मला शेवटच्या तीन ओळी मिळाल्या असत्या तर त्या आजीला दोन दिवस काढायला लागले नसते.

"कधीपर्यंत नाही मिळालं तर काय होईल" ही ओळ घालायचं काकांना पटत नव्हतं, म्हणाले एवढं कोण लिहीत बसतं. पण तातडी ठरवायची कशी मग? विनलिंकमध्ये विषयाच्या सुरवातीला एक अक्षर घालायची पद्धत आहे, आर म्हणजे रूटीन, पी प्रायॉरिटी, ओ इमिजिएट, झेड फ्लॅश, म्हणजे यादीत कुठलं आधी उचलायचं ते कळतं. पहिल्या सरावात मी सगळ्याच निरोपांना झेड लावलेलं कारण मला सगळंच तातडीचं वाटत होतं. काकांनी शांतपणे विचारलं, अठरा झेडमधला आधी कुठला पाठवू? इन्सुलिनचं उघडलेलं व्हायल सावलीत थंड जागी ठेवलं तर साधारण चार आठवडे चालतं, फ्रीज बंद पडला म्हणून त्याच दिवशी टाकून द्यायचं कारण नाही, ओल्या माठात ठेवा असं आम्ही सांगतो. पण ज्याच्याकडं एकही डोस उरला नाही आणि जो टाइप वनचा, म्हणजे इन्सुलिनवरच जगणारा, पोरगा आहे त्याचं उद्या सकाळपर्यंत काहीही होऊ शकतं. दोन्ही निरोप "इन्सुलिन पाहिजे" असेच येतात. एक पी आहे, एक झेड. फरक त्या एका ओळीनं कळतो.

मागच्या पावसाळ्यातला सराव सांगते. आम्ही पाच जण. काका त्यांच्या घरी, मी आणि एक मैत्रीण पन्हाळ्यावर, तो शिरोळचा पोरगा त्याच्या गावात, आणि पलीकडं पुण्यात काकांचे जुने मित्र. पन्हाळा का, तर व्हीएचएफ, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या लहरी, सरळ नजरेच्या रेषेत चालतं आणि पन्हाळ्यावरनं खालचा सगळा पंचगंगेचा काठ दिसतो, 25 वॅटच्या सेटवर शिरोळ खणखणीत आलं. पण पुणं व्हीएचएफवर मिळत नाही, मधी डोंगर आणि दोनशे किलोमीटर, त्याला एचएफ, म्हणजे 7 मेगाहर्ट्झ लागतं. त्यासाठी दोन्हीकडं दहा दहा मीटर वायर, मधलं टोक काठीवर जरा वर, दोन्ही कडा खाली झाडाला बांधलेल्या. उंच टांगायची गरज नसते, उलट खाली टांगलेली वायर सिग्नल सरळ वर आभाळात टाकते आणि तो जवळपासच्या तीन चारशे किलोमीटरवर पावसासारखा परत पडतो. दिवसा हे झकास चालतं, अंधार पडला की तोच बँड लांब लांबची स्टेशनं आणतो आणि पुणं हरवतं. म्हणून महत्त्वाचे निरोप दुपारीच काढायचे.

पाऊस तुफान होता. बॅटरी प्लॅस्टिकच्या बादलीत, वर छत्री. 100 वॅटला सेट पाठवताना 20 अँपिअरच्या आसपास खातो, आम्ही 25 वॅटवर ठेवला, त्यानंही भागतं आणि बॅटरी टिकते. एक गोष्ट नव्या लोकांनी लक्षात ठेवा, लॅपटॉपचे बाकीचे सगळे आवाज बंद करा, अपडेट बंद करा, नाहीतर विंडोजची टिंग रेडिओवरनं पुण्याला जाते. आणि आवाजाची पातळी कमी ठेवा, जोरात पाठवलं तर सिग्नल फाटतो आणि मशीन तेच तेच परत मागत बसतं.

साडेबाराला शिरोळकडनं झेड आला. टाइप वन, वय 11, डोस संपला, 100 चं कार्ट्रिज, 3 नग, उद्या 07:00 च्या आत. वर आणि खाली तीन वेळा "सराव", हे कधीही विसरायचं नाही, नाहीतर ऐकणारा कुणीतरी खरंच धावायचा. मी तो पुण्याला पाठवला, दोन मिनिटं लागली नाहीत, स्क्रीनवर आलं की निरोप पोचला. आम्ही दोघी टाळी देऊन चहा प्यायलो.

दोन वाजून वीस मिनिटांनी मी पुण्यातल्या त्या मित्रांना आवाजावर विचारलं की त्या कार्ट्रिजचं काय झालं. पलीकडं शांतता. मग ते म्हणाले, "अहो, मी जेवायला गेलो होतो, निरोप बघितलाच नाही, लॅपटॉपवर पडून होता." एक तास पन्नास मिनिटं. आमच्या स्क्रीनवर मात्र सगळ्या वेळ "पोचला" लिहिलेलं. त्या माणसाला मी जराही दोष देत नाही, ठरवलेलंच नव्हतं आम्ही की पुढं काय. मला तिथं पावसात उभं असताना 2019 चा तो बर्फाचा डबा आठवला. तेव्हाही मी डबा बोटीत दिला आणि माझ्या बाजूनं काम झालं होतं.

त्या दिवसापासनं आमच्याकडं प्रत्येक झेड आणि ओ ला तीन उत्तरं लागतात. पहिलं मशीनचं, ते आपोआप. दुसरं माणसाचं, "वाचला, अमक्या वेळी, अमक्याच्या हातात दिला". तिसरं, "वस्तू निघाली" किंवा "मिळत नाही, दुसरीकडं बघा". आणि "मिळत नाही" हे उत्तर सुद्धा तितक्याच घाईनं पाठवायचं, कारण तिकडं आई वाट बघत बसलेली असते. दहा मिनिटांत दुसरं उत्तर नाही आलं तर मायक्रोफोन उचलून नावानं हाक मारायची. प्रत्येक निरोप वहीत नंबरासकट, आला किती वाजता, गेला किती वाजता, कुणाकडं. वही भिजली तरी वाचता यावी म्हणून पेन्सिलीनं, शाई पसरते.

दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे नियम. हॅमवरनं एरवी तिसऱ्याच कुणाचे निरोप पोचवायचे नसतात, ती मुभा आपत्तीसाठी आहे आणि तीसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांसारख्या अधिकृत यंत्रणेच्या निरोपांसाठी. म्हणजे मी मेडिकलवाली म्हणून रेडिओवर औषधांची ऑर्डर घेणार असं काही नाही. खऱ्या वेळी निरोप कंट्रोल रूमच्या हातनं यायचा आणि जायचा, फोन चालू असेल तर जिल्हा आपत्ती कंट्रोल रूमचा 1077 आहेच, तोच आधी.

दुसरी मला जास्त छळते. रेडिओवर काहीही लपवता येत नाही, कूट भाषा वापरायला बंदीच आहे, आम्ही पाठवतो ते योग्य सॉफ्टवेअर असलेला कुणीही वाचू शकतो. दुकानात मी कुणाचं औषध शेजारणीला कळू देत नाही, टीबीची गोळी, मानसिक आजाराची गोळी, एचआयव्हीची गोळी. ती माणसं पाण्यात अडकली म्हणून त्यांचं नाव आणि आजार हवेत सोडायचा? मग आम्ही नाव पाठवत नाही. शाळेतल्या माणसाकडं यादी, यादीत नंबर, रेडिओवर फक्त "यादी 14, वय 11" आणि औषध. पण लहान गावात अकरा वर्षाचा शुगरचा पोरगा एकच असतो, सगळ्यांना माहीत असतो. याच्यावर माझ्याकडं अजून धड उत्तर नाही. कुणी यावर काम केलं असेल तर मला सांगा, मनापासनं सांगते.

आणखी एक, पन्हाळ्यावर सराव केला खरा पण रेडेडोह फुटल्यावर कोल्हापुरातनं पन्हाळ्याला पोचणार कसं, आणि 2021 ला तर पन्हाळ्याचा रस्ताच खचला. म्हणून वरती राहणारंच कुणीतरी तयार करायला पाहिजे, आणि शहराच्या बाजूला टेंबलाईच्या टेकडीवरनं काय काय ऐकू येतं ते बघायचंय. त्याचा सराव दिवाळीच्या आधी.

कागदाचे पॅड मी छापून घेतलेत, पन्नास पानांचा एक. मेमध्ये चिखलीतल्या एका गुरुजींकडं दोन पॅड देऊन आले, ते हॅम नाहीत, त्यांना रेडिओचं काही माहीत नाही, फक्त म्हटलं गुरुजी, पोरांकडनं एकदा भरून घ्या, सवय होऊ दे. जूनमध्ये त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. सातवीतल्या मुलीचं अक्षर. सराव, सराव, सराव. निरोप नंबर 1. वेळ 11:40. ठिकाण सोनतळी, शाळेचा वरचा वर्ग. आजीचं इन्सुलिन, पेनचं, 100, 2 नग, आत्ता एक पेन अर्धं शिल्लक, 3 दिवस पुरेल, नंतर नाही. उत्तर गुरुजींना द्या, ते वरच्या वर्गात आहेत.

गिऱ्हाईक थांबवून मी लगेच उत्तर लिहिलं. निरोप नंबर 1 मिळाला, 11:52, मी स्वतः वाचला. सराव, सराव, सराव.